पालकांची सही

"आई, पाचही दिवसांचं तपासून झालं," असं म्हणत आठ वर्षांच्या शाल्मलीनं लाल पेनाला टोपण लावलं आणि वही वृंदाच्या हातात दिली.

एक जानेवारीला वृंदानं मोठ्या हौसेनं वहीत तीन संकल्प लिहिले होते: पहाटे उठायचं, मोबाइल लांब ठेवायचा आणि लेकीवर ओरडायचं नाही. तपासायचं कामही तिनंच लेकीला दिलं होतं. पहिल्या दोन संकल्पांपुढच्या फुल्या तिला मान्यच होत्या. तिसरा मात्र तिला मनापासून पाळायचा होता. त्याच्यापुढे शेरा होता, 'रोज ओरडते. पालकांची सही आणावी.'

"अगं, पालक मीच आहे ना!" वृंदा ओरडली.

शाल्मलीनं शांतपणे टोपण काढलं आणि आणखी एक फुली मारली. "सही आणली नाहीस तर मी वही तपासणार नाही. आमच्या बाईंचा नियम आहे."

वृंदा मुकाट्यानं झोपाळ्यावर बसलेल्या वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. आयुष्यभर मास्तरकी केलेल्या अण्णांनी शेरा दोनदा वाचला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"ओरडतेस?"

"हो."

अण्णांनी सही केली आणि खाली लिहिलं, 'घरी समज दिली आहे. मुलगी गुणी आहे. सांभाळून घ्यावे.'

शाल्मलीनं ते मोठ्यानं वाचलं. मग खोडरबर घेऊन मघाची फुली घासत बसली.

"पेनाची आहे गं, निघत नाही," ती म्हणाली. "चल, नवं पान घेऊ."