नववीतला महिना

“पाळी अगदी वेळेवर आलेला एखादा महिना आठवा. हे यंत्र तोच महिना शरीराला परत शिकवील,” डॉक्टर म्हणाल्या. मूल हवं असलेल्या छत्तिशीच्या वृषालीला पीसीओएसच्या एवढ्या वर्षांत तसा एकच महिना सापडला. नववीतला, खो-खोच्या सामन्यांचा, लाल मातीने माखलेल्या गुडघ्यांचा.

यंत्राने तो हुबेहूब आणला. पाळी ठरल्या दिवशी आली, हनुवटीवरचे केस गळाले, आणि वृषाली भाजी निवडणाऱ्या नवऱ्याच्या पाठीत थाप मारून “खो!” ओरडू लागली.

तिसऱ्या महिन्यात ती पाटीवरच्या पेन्सिली कुडुमकुडुम खाताना दिसली. नवऱ्याने घाबरून सासूबाईंना फोन लावला. “आई, नववीत हिला ही खोड होती का हो?”

“छे! मला होती, जावईबापू,” त्या सावकाश म्हणाल्या. “ही पोटात असताना.”