फिरवलेला बाण

“हा बाण कोणी फिरवला?” अनुपमाने विचारलं.

हरिओमने चहाचा कप खाली ठेवला. मेहकरच्या बसस्टँडसमोर, पहिल्या मजल्यावर त्याचं जाहिरातींचं छोटं ऑफिस होतं आणि मोबाइलवरच्या जाहिरातींची पानं एकमेकांना जोडून द्यायचं काम अनुपमाकडे होतं. तिच्या पडद्यावर एका कीटकनाशक कंपनीची जाहिरात उघडी होती. प्रत्येक पानाचा एक चौकोन आणि पुढचं पान दाखवणारे बाण. शेतकऱ्याने बाटलीवरचा कोड मोबाइलने टिपला की पहिला प्रश्न यायचा, पीक कोणतं? उत्तर दाबलं की दुसरा प्रश्न. असं करत करत सगळे बाण शेवटी एका बक्षिसाच्या चक्राकडे जायचे.

एकच बाण तिने वेगळा ठेवला होता. ‘फवारताना त्रास होतोय’ हे बटन दाबलं की जाहिरात तिथेच थांबायची. पुढच्या पानावर एवढंच लिहिलेलं: फवारणी बंद करा, कपडे काढा, अंग साबणाने धुवा, बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. खाली रुग्णवाहिकेला फोन लावायचं बटन.

तो बाण आता हातमोजे आणि मास्कच्या विक्रीकडे वळवलेला होता. तिथून चक्राकडे.

“मीच फिरवला,” हरिओम म्हणाला. “त्या पानावरून लोकं बाहेर निघून जात होते. कंपनीवाला रोज इचारते, शेवटापर्यंत किती जण पोचले? काय सांगू त्याले?”

“बाहेर पडावं म्हणूनच केलं होतं ना ते पान!”

“हळू बोल.” त्याने दाराकडे पाहिलं.

दारात डोणगावची कोकिळाबाई उभी होती. नवरा बायको मिळून वांगी आणि मिरची पिकवायचे. काल मिरचीवर फवारून आलेला तिचा नवरा कडूबा आज मेहकरच्या दवाखान्यात सलाईनवर होता. जाऊ पुष्पांजली त्याच्याजवळ बसली होती. औषधाच्या दुकानदाराकडून ऑफिसचा पत्ता काढून कोकिळाबाई तिथूनच इथे आली होती; तिची तक्रार ऐकूनच अनुपमाने जाहिरात उघडली होती. साडीवर अजून कालचे डाग होते.

“काकू, बसा ना,” हरिओम म्हणाला. “गडबडीत चुकीचं बटन दाबल्या गेलं असन तुमच्याकडून.”

“मले वाचता येते,” कोकिळाबाई म्हणाली.

“तसं नाही म्हणत मी...”

“वाचूनच दाबलं म्या. हे अंगणात पडेल होते. ओकाऱ्या सुरू, डोळ्याले दिसत नोहतं. तोंडातून फेस. फोनवर लिहेल होतं, फवारताना त्रास होतोय. म्हटलं हेच त आपलं. दाबलं. त मोजे दिसले. म्हटलं, आधी मोजे घाला म्हणत असन. पुढं दाबलं. त ते चक्र फिराले लागलं, ढोल वाजाले लागला.” तिचा आवाज चढला. “मले वाटलं, आता सांगन दवाखान्याचं, आता सांगन. म्हणून दाबतच राह्यली मी. तेवढ्यात पुष्पांजली आली. तिनं फोन फेकला अन् गाडी बोलावली. नाही त मी तिथंच बसेल होती बटनं दाबत!”

खाली कंडक्टर चिखलीची गाडी पुकारत होता.

चक्रातला ढोल अनुपमाने स्वतः निवडला होता. लोकांनी थांबू नये म्हणून. तिचे कान तापले.

“काकू, खर्चाचं बोला,” हरिओम म्हणाला. “कंपनीले सांगून काही तरी करतो. चक्रात तुम्हाले फवारणीचा पंप लागला असन त तोही पाठवून देतो.”

“अहो, लाज वाटू द्या!” अनुपमा ओरडली. तिने आपला मोबाइल त्याच्यापुढे आपटला. “उघडा जाहिरात. काका अंगणात पडलेत असं समजा अन् दाबा.”

“अनुपमा...”

“दाबा!”

हरिओमने मोबाइल उचलला. एकदा दाबलं, दोनदा दाबलं. ढोल सुरू झाला, चक्र रंग उधळत फिरायला लागलं. कोकिळाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. चक्र थांबायच्या आधीच त्याने मोबाइल टेबलावर पालथा घातला. ढोल खालून वाजतच राहिला.

अनुपमा खुर्चीत बसली. तिने बाण ओढून पुन्हा दवाखान्याच्या पानाला जोडला आणि जाहिरात चालू केली.

“कंपनीले न इचारता केलं तू हे,” हरिओम म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता. “काम जाईन माह्या हातचं. उद्यापासून येऊ नको.”

“नाही येत.” तिने पर्स उचलली.

कोकिळाबाई पडद्याजवळ आली. चौकोन, बाण सगळं नीट पाहिलं. ते पान वाचलं, ओठ हलवत, शेवटपर्यंत. मग विचारलं, “पोरी, तू गेल्यावर यानं हे परत फिरवलं त?”

अनुपमाने हरिओमकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

“फिरवतील,” ती म्हणाली.

कोकिळाबाईने भिंतीजवळची खुर्ची ओढत आणली, कॉम्प्युटरसमोर टाकली आणि पदर खोचून बसली. कमरेच्या पिशवीतून फोन काढून तिने जावेला लावला.

“पुष्पांजली, तू बस त्यायच्यापाशी. मले इथं वेळ लागन.”