रूथच्या शेजारची जागा

ईमेल वाचला आणि ज्ञानदाच्या पायाखालची जमीनच सरकली. पुन्हा वाचला. मजकूर काही बदलला नाही. ‘सोबतच्या मृत्युपत्रावरून अर्जदार हे ओबेदाया थॅक्स्टन यांचे रक्ताचे वंशज नाहीत हे सिद्ध होते. त्यामुळे दफनभूमीत जागा देता येत नाही.’ आणि खाली, जखमेवर मीठ चोळल्यासारखं, ‘उत्कृष्ट संशोधनाबद्दल मनापासून आभार!’

पावणेदहा झाले होते. मंगळवार. दहाच्या ठोक्याला मिस्टर थॅक्स्टन येणार.

मॅसॅच्युसेट्समधल्या त्या जुन्या गावाच्या लायब्ररीत, जुन्या कागदांच्या विभागात ज्ञानदा फुकट काम करायची. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, पगाराची नोकरी चालत नाही. पुण्यात मोडी शिकलेली, त्यामुळे कसल्याही किरट्या अक्षराला भ्यायची नाही. मिस्टर थॅक्स्टन आठ वर्षं दर मंगळवारी तिथे येऊन खोकी उपसत बसायचे. वय चौऱ्याऐंशी. त्यांचा मूळपुरुष ओबेदाया म्हणजे धर्मापायी इंग्लंड सोडून आलेल्या प्युरिटनांपैकी, हे गाव वसवणारा. गावाच्या जुन्या दफनभूमीत अशा पहिल्या घराण्यांच्या वंशजांनाच जागा, त्यांना आणि त्यांच्या जोडीदारांना. थॅक्स्टन यांची बायको रूथ तिथेच आहे. तिच्या दगडावर त्यांचंही नाव आधीच कोरलंय. जन्माचं साल आहे, पुढे कोरं.

“मला बाकी काही नको. तिच्या शेजारी झोपायचंय,” ते म्हणायचे.

यंदा जागा संपत आल्या म्हणून दफनभूमीच्या ट्रस्टने सगळ्यांकडे पुरावे मागितले. थॅक्स्टन यांनी घरच्या बायबलमधलं पान दिलं. त्यात बारा पिढ्यांची नावं ओळीने लिहिलेली. ट्रस्टची सेक्रेटरी म्हणाली, चालेल, होऊन जाईल. थॅक्स्टनही म्हणाले, “बायबल पुरे आहे. अजून काही जोडू नकोस.”

पण ऐकेल ती ज्ञानदा कसली! अर्जाला एकच कागद? आपल्याकडे साध्या रेशनकार्डाला सात झेरॉक्स लागतात, त्याही सही-शिक्क्याच्या. तिला वाटलं, म्हातारा संकोचतोय. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तीन आठवडे ते येणार नव्हते. तेवढ्यात शोधून काढू, आश्चर्याचा धक्का देऊ! खोकी एकूण चाळीस. ते पहिल्यापासून येत होते, म्हणून ही शेवटून सुरू झाली. आणि एकोणचाळिसाव्यात घबाड लागलं. तिसऱ्या पिढीतल्या जोसाया थॅक्स्टनचं मृत्युपत्र, सन सतराशे दोन. ‘मला मूल नाही. तापाच्या साथीत पोरका झालेला सॅम्युएल, ज्याला मी पोटच्या पोरासारखं वाढवलं आणि माझं नाव दिलं, तोच माझा मुलगा आणि वारस.’

ज्ञानदा खुर्चीतून उठून नाचायचीच बाकी होती. याहून पक्का पुरावा कुठला? दत्तक! वंश अखंड! तिच्या नवऱ्याचे, सिद्धेशचे पणजोबा सांगलीहून देवस्थळ्यांकडे दत्तक आलेले. म्हणून ते देवस्थळी नव्हते, असं म्हणायची कोणाची टाप आहे? त्यांचा फोटो घरात सगळ्यांच्या वर लावलेला. तिने मृत्युपत्र स्कॅन केलं, वर चार ओळींचं कौतुकाचं पत्र जोडलं आणि पाठवून दिलं. विचारलं कोणालाच नाही.

आता तिने ट्रस्टला फोन लावला. “मी ते परत घेते. चुकून पाठवलं.”

“अहो, पण ते खोटं आहे का?” सेक्रेटरीने गोड आवाजात विचारलं.

“खोटं नाही...”

“मग कसं परत देणार? सगळ्या बोर्डाने वाचलंय. रूथना कोणी हलवणार नाही, काळजी करू नका.”

तिने सिद्धेशला फोन केला. “अगं यार, तू सेंड कशाला केलंस?” तो म्हणाला. तिला रडू फुटलं. भलेपणाच्या हौसेने आपण एका म्हाताऱ्याला त्याच्या बायकोपासून तोडलं, आणि आता हातात काही म्हणजे काही उरलं नाही.

दहा वाजले. दार उघडलं. थॅक्स्टन आत आले, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडभर हसू. “डॉक्टर म्हणतात, आता मुंगीसुद्धा दिसेल मला!”

ज्ञानदाने लपवालपवी केली नाही. सगळं सांगितलं, एका दमात, रडत रडत. मृत्युपत्राची प्रत आणि ईमेलचा प्रिंट त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी चष्मा काढला. मृत्युपत्र सावकाश वाचलं, अगदी शेवटच्या सहीपर्यंत. ईमेलकडे नुसती नजर टाकली. ना ओरडले, ना रडले. तिला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

“कितव्या खोक्यात होतं?”

“एकोणचाळिसाव्या.”

“मी एकतिसाव्यापर्यंत आलो होतो.” त्यांनी कागदाच्या कडा हळूच जुळवल्या. “आजोबांनी मरताना मला सांगितलं होतं, असा एक कागद आहे म्हणून. रूथला पुरलं त्याच आठवड्यापासून शोधतोय, पोरी. दुसऱ्या कोणाच्या हाती लागायच्या आत मला सापडावा, म्हणून.”