पहिला मफलर

साठीत विणायला शिकलेल्या शालनने धाकट्या बहिणीसाठी पहिलावहिला गोल मफलर विणला. एका जागी टाका सुटून भोक पडलं होतं. "धुऊन आणते," म्हणत शिकवणाऱ्या कुमुदताई तो घरी घेऊन गेल्या.

त्या परत आल्या तेव्हा बहीण आलेलीच होती. तिने मफलर लगेच गळ्यात घातला. "अक्का, किती सफाईने विणलास गं."

शालनने भोक शोधलं. ते कुठेच नव्हतं. "ताई, हा मी विणलेला नाही."

"उसवून नव्याने विणला," कुमुदताई हसल्या. "लोकर तुझीच आहे."

महिनाभर खपून घातलेला शालनचा एकही टाका उरला नव्हता. तिने मफलर मागून घेतला आणि लोकरीचं टोक शोधून ती तो उसवायला लागली.

"थोडे दिवस थांब," ती बहिणीला म्हणाली, "माझ्या हातचा देते."