साहेबांचा घोडा

दसऱ्याची सकाळ. जनावरांचे डॉक्टर दिनकरराव दाराला झेंडूचं तोरण बांधत होते, तेवढ्यात फाटक वाजलं. पूर्णा स्टेशनावर टांगा हाकणारा सिताराम आणि त्याची बायको धुरपताबाई आत आले. धुरपताबाईच्या हातात पदराखाली झाकलेलं ताट होतं. सितारामने टोपी नीट केली आणि दाराकडे न येता घराला वळसा घालून थेट परसाकडे निघाला.

“अरे सिताराम, तिकडे कुठे?”

“घोडा मागं बांधता ना सायेब? म्हनलं, सनाचा दिस हाय, आदी त्याला हात जोडावा, मंग तुमाला.”

“कुणाचा घोडा?”

“तुमचा की!” सिताराम हसला. “चेष्टा करायलाव व्हय गरिबाची?”

दिनकररावांच्या हातातली सुतळी हातातच राहिली.

गेले तीन महिने ‘अश्वबल’ पावडरीच्या कंपनीची जीप बाजारोबाजार फिरत होती. टपावर भोंगा, आणि भोंग्यात टेप केलेला त्यांचाच आवाज : मी डॉक्टर दिनकरराव. माझ्या घोड्यालाही मी अश्वबलच देतो. हरभऱ्याची चंदी निम्मी केली तरी घोडा तगडा राहतो. वाक्यं कंपनीच्या माणसाने लिहून आणली होती. तो म्हणाला होता, “बोलायची एक रीत असते डॉक्टर, घोडा बघायला कोण येतंय?” त्या बदल्यात फ्रिज आला. लसी नासतात म्हणून त्यांनीच तो दवाखान्यासाठी मागितला होता. दवाखान्यात वीज टिकत नाही म्हणून तो घरी आला, आणि घरी आला म्हणून आज त्यात लसींच्या शेजारी श्रीखंडाचं पातेलं होतं.

“आमची रानी उठंना सायेब,” धुरपताबाई म्हणाली. “तीन दिस झाले, घोडी पडूनच हाय. आमचा नेम हाय, दसऱ्याला घोड्यानं निवद खाल्ल्याबिगर घरात कोनी घास घेत न्हाई. आज तिच्या म्होरं पोळी धरली तर तोंड फिरवलं. मी ह्यांना म्हनलं, सायबाचा घोडा धडधाकट असंल. त्याच्या मुखात घालू, देवाला पोचंल.”

“तीन दिवस? आणि मला बोलावलं नाही?”

“औशद तर तुमचंच चालू हाय की,” सिताराम म्हणाला. “मंग उगं कशाला तरास द्यावा? चंदी निम्मी करा म्हनलाव, आमी समदीच बंद केली. चंदी आन पावडरीचा डबा, दोनी कुठनं झेपायचं? आन म्हनलं, लौकर गुन येईल.”

दिनकररावांच्या पत्नी सुमनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या तिथूनच ऐकत होत्या.

घोडा पाथरीला पाठवलाय, भावाकडे. एवढं म्हटलं की भागत होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. धुरपताबाईने एव्हाना ताटावरचा पदर बाजूला केला होता आणि ती परसाकडे बघत उभी होती. सकाळपासून तिच्या तोंडात पाण्याचा थेंब गेलेला दिसत नव्हता.

“माझ्याकडे घोडा नाही, धुरपताबाई.”

तिने पदराचं टोक तोंडाला लावलं.

“आगं बया! तुमचाबी गेला? कवा?” तिचे डोळे भरून आले. “आन एवढ्या दुखात तुमी तोरन बांधायलाव? आदी सांगायचं न्हाई का वो सायेब!”

ही माया त्यांना सोसवेना.

“गेला नाही,” ते म्हणाले. “कधी नव्हताच.”

धुरपताबाईने नवऱ्याकडे पाहिलं. सितारामने टोपी काढून हातात घेतली.

“मंग भोंग्यात कोन बोलत व्हतं?”

“मीच.”

दिनकरराव घाईघाईने आत गेले. फ्रिजकडे न बघता त्यांनी बॅग उचलली, कपाटातून सलाईनच्या बाटल्या काढल्या, पायात चपला अडकवत बाहेर आले. “पावडर आजपासून बंद. गुळाचं कोमट पाणी थोडं थोडं पाजायचं. हिरवं गवत पुढे ठेवायचं. हरभरा एकदम नको, रोज मूठमूठ वाढवायचा. चल, आत्ता सलाईन लावली तर घोडी उठेल. वेळ घालवू नको.”

सिताराम जागचा हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अनोळखी गावात फाट्यावर उभ्या राहिलेल्या माणसाने वाट विचारावी, तसं त्याने विचारलं,

“सायेब, भोंग्यात बी तुमीच व्हता, हितं बी तुमीच हाव. आता रानीला कोनाच्या बोलन्यावर सोडू, तेवढं सांगा.”