मागचा दिवा

तिने ब्रेक दाबला तेव्हा आवाज होऊन गेला होता.

गाडी मागे घेताना लक्ष आरशात हवं होतं, ते होतं फोनवर. पहिली विद्यार्थिनी चौकात खोळंबली होती आणि ‘निघाले हो, निघाले’ असं तिला सांगता सांगता मागे धाडकन आपटलं.

ती उतरली. पायलटकाकांच्या पांढऱ्या गाडीचा मागचा दिवा फुटला होता, शेजारचा पत्रा चांगलाच आत गेला होता. तिच्या बंपरला मात्र साधा ओरखडाही नव्हता.

तळमजल्यावरच्या या काकांनी जन्मभर बस चालवली होती, कुणाच्या केसालाही धक्का न लावता. म्हणून बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना पायलट म्हणत. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला लागली तेव्हा बाकीच्यांनी नाकं मुरडली होती. काका मात्र ‘हिच्या गाडीत पहिला मी बसणार’ म्हणून ऐटीत शेजारच्या सीटवर जाऊन बसले होते.

तिने इकडेतिकडे पाहिलं. पार्किंगमध्ये चिटपाखरू नव्हतं. तिने रुमालाने पत्रा पुसून पाहिला, जणू पोचा पुसला जाणार होता. फोन पुन्हा वाजायला लागला. संध्याकाळी सांगू, असं स्वतःला बजावत ती निघाली.

“मॅडम, समजा माझ्याकडून कुणाच्या गाडीला जरा लागलं, तर काय करायचं हो?” नेमकं त्याच दिवशी विद्यार्थिनीने विचारलं.

“थांबायचं. उतरायचं. कुणाला लागलंय का बघायचं. मालकाला शोधायचं आणि सांगायचं, माझ्याकडून झालं म्हणून.”

“पळून जावंसं नाही वाटत?”

“वाटतं,” ती म्हणाली. “क्लच सोडा हळू.”

संध्याकाळी ती जिन्याशी आली तर काकांचं दार उघडंच होतं. आतून त्यांच्या मुलाचा आवाज येत होता.

“बाबा, कुठल्या खांबाला घातलीत?”

“घातली असेल कुठेतरी.”

“असेल म्हणजे? उद्या माणूस आला असता मध्ये, तर?”

आत किल्ल्या खुळखुळल्या. मग काका म्हणाले, “घातली रे बाबा. माझ्याकडूनच लागली. ही घे किल्ली.”

आता आत जाऊन दोन वाक्यं बोलायची, एवढंच काम होतं. पण पायांनी ऐकलं नाही. चपला हातात घेऊन ती चोरासारखी जिना चढून गेली.

त्यानंतर काका रोज गेटपाशी बाकावर दिसू लागले. येणारेजाणारे थट्टा करत. “काय पायलट, शेवटी विमान खांबावर उतरवलंत ना!” काका हसत आणि म्हणत, “वय झालं आता.” शिकवताना ती विनाकारण विद्यार्थिनींवर डाफरायला लागली. ज्या माणसाने आपल्यावर विश्वास टाकला, त्याचा स्वतःवरचा विश्वास आपण काढून घेतला, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

शेवटी तिने काकांच्या मुलाला पार्किंगमध्ये गाठलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

तो हात जोडून म्हणाला, “ताई, झालं ते झालं. पण बाबांना सांगू नका, कृपा करा. गाडी सोडा म्हणून वर्षभर घसा कोरडा केला मी. कधी नव्हे ते स्वतःहून किल्ली दिलीय त्यांनी.”

“पण त्यांना वाटतंय, त्यांच्याकडून झालं.”

“वाटू दे की. कुणाचं काय बिघडलं त्यात?”

तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट आता गुन्ह्यात जोडीदार मिळाल्यासारखं वाटलं. ती तशीच तडक गेटकडे चालत गेली.

बाकावर काका एकटेच होते. ती शेजारी बसली.

“काका, तुमची गाडी मी ठोकली. फोनवर बोलत होते. आणि पळून गेले. तुमची काहीच चूक नव्हती.”

काकांनी मान हलवली. “माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“रुमालाने पुसत होतीस ना, तेव्हा मी गाडीतच होतो. मागच्या काचेवर ही एवढी धूळ. तुला कुठून दिसणार?”

लाजेने तिचे कान तापले.

“मग मुलाला का नाही सांगितलंत? सगळ्यांची बोलणी कशाला खाल्लीत?”

“किल्ली द्यायचीच होती गं. नुसती दिली असती, तर त्याने कारण विचारलं असतं. तू आयतं कारण दिलंस.” त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. “तू मनाला लावून घेऊ नकोस. उपकार झाले तुझे.”

“उपकार कसले, काका! मी मागे येताना दिसत होते ना तुम्हाला बाजूच्या आरशात?”

“दिसत होतीस. अगदी स्वच्छ दिसत होतीस.”

“मग नुसता हॉर्न तरी मारायचात!”

काकांनी दोन्ही हात समोर धरले, अदृश्य स्टिअरिंगवर ठेवावेत तसे, आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

“तेच तर शोधत होतो पोरी,” ते हळूच म्हणाले. “हॉर्न कुठे असतो, ते आठवतच नव्हतं.”