सात बटणं

नात रुमानाचा निकाह झाला, त्याच वर्षी बेलापूरच्या अब्दुल शिंप्याचा उजवा हात लकव्यानं लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, हात रोज चालवा. अब्दुलला मात्र अंथरुणातून उठावंसंच वाटेना. बायकोनं, मुबारकबीनं, जुना सदरा पुढ्यात टाकला. रोज सकाळी त्यानं सात बटणं लावायची, दिवेलागणीला तिनं ती ब्लेडनं काढायची. “काढायचीच, तर लावायची कशाला?” तो चिडायचा. “मन लागत न्हाई माजं.” “मनाला कोन इचारतंय? मी हाताशी बोलतीय.” चार वर्षं एकही सकाळ चुकली नाही. आज फजरच्या, पहाटेच्या नमाजानंतर त्यानं सदरा उचलला, तर सातही बटणं जागच्या जागी होती. “अब्बा, आज तरी ऱ्हाऊ द्या,” लेक शबनम म्हणाली. अब्दुलनं ब्लेड मागितलं. एकेक बटण काढलं आणि सुईत दोरा ओवला. मुबारकबी काल गुरुवारी, दिवेलागणीच्या आधी वारली.